लाकडावरचा स्वर

"याच्या पुढं काय आहे?" बाईंनी विचारलं.

त्यांचं बोट माझ्या ऑर्गनच्या उजव्या टोकाला, अगदी शेवटच्या पांढऱ्या पट्टीवर होतं.

"लाकूड," मी म्हणालो.

"आणि त्याच्या पुढं?"

"भिंत."

"मग तुमचा ऑर्गन एका पट्टीनं आखूड आहे, मास्तर."

बेळगावच्या कॅम्पातली ही गोष्ट. आमच्या नाटक कंपनीचा ऑर्गन मी दुरुस्तीला आणला होता आणि कारागिराच्या व्हरांड्यात बसून तो तपासून घेत होतो. फुलाफुलांचा झगा, हातात छत्री, डोक्याला रुमाल अशा या बाई त्यांच्या कॉन्व्हेंट शाळेच्या बाजाची चौकशी करायला आल्या होत्या. नाव सेराफिना रुमाव. मूळच्या वसईच्या, मुलींना गाणं शिकवायच्या.

मला राग आला. जर्मन बनावटीचा ऑर्गन, त्यावर भल्याभल्यांचे गळे तासून निघालेले, आणि ही म्हणते आखूड! खरं सांगायचं तर त्या शेवटच्या पट्टीवर आमच्या कंपनीत कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं. तिथं मी पानाची डबी ठेवायचो.

"वाजवा ती," बाई म्हणाल्या.

मी पाय मारला, पट्टी दाबली. चिमणीच्या पिल्लानं चोच उघडावी तसा चिवचिवाट झाला. बाईंनी तोंड उघडलं आणि तोच स्वर, तसाच्या तसा, हवेत टांगून ठेवला. वाळत घातलेल्या रुमालासारखा. मान ताणली नाही, शीर फुगली नाही. कारागिराचा म्हातारा कुत्रा, जो पाय दिला तरी उठत नसे, तो उठून फाटकाबाहेर गेला आणि दुपारपर्यंत परत आला नाही.

"आणि लाकडावरचा?" मी विचारलं.

"तो असा येत नाही. तो एका गाण्याच्या शेवटी आहे. सगळा जिना चढून जावं लागतं. आणि दिवसात एकदाच. दुसरी फेरी नाही."

"ऐकवाल?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मास्तर, तुमच्या थिएटरात माणसं किती बसतात?"

---

आमचा मुक्काम तेव्हा निपाणीला होता. तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत तात्या हसबनिसांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, थिएटर उभं केलं होतं. जमीन शिंपून शिंपून चिखल व्हायची वेळ आली तरी तंबाखूची पूड काही हटत नव्हती. शोकाचा प्रवेश असला की अर्धं थिएटर शिंकायचं. नवखे नट त्याला रडणं समजून खूश व्हायचे. त्यात आमच्या नायिकेला गालगुंड झालं. तोंड एवढं सुजलं की मुकुटाच्या दोऱ्या पुरेनात. बाजारच्या दिवसाचा दुपारचा खेळ बोंबलणार म्हणून तात्या कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना मी बाईंचं सांगितलं.

"करते काय ती?"

"ऑपेरा गाते. विलायतेतलं संगीत नाटकच म्हणा. त्यात या बाई म्हणजे, काय बरं, कोलोराटूरा सोप्रानो."

"मराठीत बोल."

"तात्या, आपल्याकडं तान असते ना? तशी तान, पण आपले लोक जिथं हात टेकतात तिथून सुरू होणारी."

तात्यांनी विचार केला. "लुगडं नेसेल?"

"विचारतो."

"नेसेल तर हो म्हण. नाही नेसली तरी हो म्हण."

दुसऱ्या दिवशी टांग्यातून दवंडी फिरली. 'चार प्रवेश, मध्ये विलायती कोकिळेचे गायन, शेवटी रंगराव माणकापुरे यांची पदे. प्रेक्षकांनी काचेचे सामान घरी ठेवून यावे.' शेवटचं वाक्य तात्यांचं. त्यांना वाटलं ते थाप मारतायत.

बाईंनी शाळेत सांगितलं, निपाणीला मावशी आजारी आहे. ती मावशी म्हणजे मी.

सकाळच्या बसनं त्या आल्या. गाण्याचे कागद घेऊन. त्यावर मुंगळ्यांची रांग लागावी तसं काहीतरी लिहिलेलं. मला ते वाचता येईना, म्हणून त्यांनी अर्ध्या आवाजात सगळं गाणं म्हणून दाखवलं आणि मी कानानं उचललं. एक मुलगी दीपगृहावर उभी आहे. आधी तिला समुद्रात शीड दिसतं, तिथं पहिली चढण. मग होडी ओळखू येते, तिथं दुसरी. आणि शेवटी ती होडीतल्या माणसाला हाक मारते, ती तिसरी. ती हाक लाकडावर.

"बाई, आज ती जमेल ना?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"सात वर्षं मी तिथं गेलेली नाही."

मी चहा खाली ठेवला. "मग आजच कशाला? इथं, या तंबाखूत?"

"ते नंतर सांगते. आधी जमू दे."

---

आता रंगराव माणकापुऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमचे गायक नट. राजबिंडे. मिशीला रोज लोणी लावायचे. त्यांचा वरचा षड्ज म्हणजे त्या भागातलं एक देवस्थानच होतं, लोक गाड्या जुंपून यायचे. तो लावला की ते एक हात वर करायचे आणि टाळ्या पडेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. त्या दुपारी मी विंगेत ऑर्गन पुसत होतो, तेव्हा ते हसत हसत आले. रंगराव हसले की मी पाकीट चाचपून बघायचो.

"दिगू, बाई पाहुण्या आहेत आपल्या."

"हो ना."

"पाहुणीचा मान राहिला पाहिजे. मी मलगोंडाला सांगून ठेवलंय. पहिल्या रांगेत त्याची सगळी मंडळी बसणार आहेत. बाईंच्या प्रत्येक जागेला वन्स मोअर! एकही जागा सुकी जाणार नाही."

"प्रत्येक?"

"प्रत्येक," रंगराव म्हणाले आणि मिशीवरून बोट फिरवलं.

मलगोंडा हा तंबाखूचा व्यापारी. छाती वखारीच्या दारासारखी आणि आवाज असा की त्यानं घरी बायकोला हाक मारली तर तिच्या माहेरी ओ द्यायचे. रंगरावांचा निस्सीम भक्त. आणि आमच्या नाटकवाल्यांचा नियम असा, की वन्स मोअर आला की तो द्यायचाच. नायक बाण लागून मेला असला तरी उठायचं, पद परत म्हणायचं आणि परत मरायचं. नाही दिला तर लोक अपमान समजतात. एकदा तर खुर्च्या रंगमंचावर आल्या होत्या, माणसांशिवाय.

मी ओळखलं. शिव्या देऊन पाडलं असतं तर लोकांना बाईंची दया आली असती. यांनी कौतुकानं मारायचा बेत केला होता. खालच्या दोन चढणींवरच वर-खाली, वर-खाली करायला लावायचं. लाकडापर्यंत पोचायला दम उरूच द्यायचा नाही.

मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या तोवर लुगडं नेसून बसल्या होत्या, गळ्यात क्रूस.

"आला तर द्यावाच लागतो?" त्यांनी विचारलं.

"द्यावाच लागतो."

"गाणं मध्येच तोडून?"

"मध्येच तोडून."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडं विहिरीवर रहाट असतो. बैल फिरतो, फिरतो, पण वाडीबाहेर जात नाही. तसंच हे."

"नका गाऊ मग. मी तात्यांना सांगतो, घसा बसला म्हणून."

"पिन आहे का एखादी?" बाई म्हणाल्या. "पदर सुटतोय."

---

वखार गच्च भरली होती. बाई पुढं आल्या तेव्हा मागून कुणीतरी कोंबड्यासारखा आवाज काढला आणि लोक हसले. बाईंचा चेहरा हलला नाही. मी पाय मारायला सुरुवात केली.

पहिल्या सुराला हसू थांबलं. पहिली चढण आली, बाई अशा काही चढल्या की माझी बोटं मागं पडली. टप टप टप टप, गारा पडाव्यात तसे एकेक स्वर सुटे, स्वच्छ, गोल. चढण संपते न संपते तोच पहिल्या रांगेतून तोफ डागली गेली.

"वन्स मोअर!"

मलगोंडा. त्याच्या पाठोपाठ त्याची फलटण. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली. परत. परत तोफ. परत. मग कुठं पुढं जाऊ दिलं. दुसऱ्या चढणीला तेच. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी त्यांच्या मानेकडं पाहिलं. बेळगावात सपाट असलेली ती शीर आता दिसायला लागली होती. विंगेत रंगराव मनापासून टाळ्या वाजवत होते.

"वन्स मोअर!"

मी काय केलं सांगतो. मी दोन्ही पाय एकदम असे आपटले की ऑर्गनमधून मरणाऱ्या रेड्यासारखा आवाज निघाला, आणि मी ओरडलो, "भाता फाटला!"

फाटलाबिटला काही नव्हता. पण मी उठलो, ऑर्गनची पाठ उघडली आणि आत डोकं घातलं. लोक खदाखदा हसायला लागले. "मास्तर, आत उंदीर हाय काय?" एकानं विचारलं. "हाय की, त्योच गात व्हता!" दुसरा म्हणाला. तात्या विंगेतून दात खात म्हणाले, "दिग्या, बाहेर ये, नाहीतर तुलाच फाडतो." मी आतूनच, "तात्या, वादी तुटलीय, सुतळी आणा," म्हणत राहिलो. तेवढाच बाईंना दम मिळेल, घोटभर पाणी मिळेल, एवढाच माझा हिशोब.

पण बाईंनी पाणी मागितलं नाही. त्या चालत दिव्यांच्या रांगेपर्यंत पुढं गेल्या. मी ऑर्गनच्या भोकातून बघत होतो.

"पहिल्या रांगेतले ते दादा," बाई म्हणाल्या, "तुमचं नाव काय?"

वखारीत एकदम शांतता. नटीनं प्रेक्षकाला नाव विचारणं हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मलगोंडा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान ऐकू आला.

"मलगोंडादादा, तुम्हाला गाणं आवडतं, हे मला कळलं. पण एक सांगा. तुम्ही डोंगरावर देवाला निघालात आणि निम्म्या वाटेवरून कुणी तुम्हाला पुन्हा पुन्हा खाली बोलावलं, 'वा, काय छान चढता, परत चढून दाखवा', तर?"

"तर... देव कुठला दिसतोय."

"माझा वर आहे. एकदाच जाता येतं. आज जाऊ द्याल? मग पाहिजे तर खुर्च्या फेका."

मलगोंडानं विंगेकडं पाहिलं. रंगराव त्याला भुवयांनी काहीतरी सांगत होते. त्यानं परत बाईंकडं पाहिलं. मला तेव्हा वाटलं, आता हा ओरडणार आणि सगळं संपणार. तो उठला, मागं वळला आणि आपल्या फलटणीवर गरजला,

"गप बसा की रे! आता कुणी तोंड उघडलं तर वखारीत कोंडीन. बाईला वर जाऊ द्या."

मग माझ्याकडं बोट केलं. "आणि ओ पेटीवाले! ते फाटलेलं नीट झालं का नाही?"

"झालं," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

बाईंनी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली चढण. कुणी हूं का चूं केलं नाही. दुसरी. मग त्या क्षणभर थांबल्या. माझा उजवा हात सरकत सरकत शेवटच्या पट्टीवर गेला, तिथं बाई होत्या. आणि मग त्यांनी ती हाक मारली. माझं बोट आपोआप उजवीकडं गेलं आणि लाकडावर पडलं. टक्. वर बाई एकट्या होत्या.

कसा होता तो स्वर? किंचाळी नव्हती. भर दुपारी विहिरीत वाकून पाहावं आणि तळाशी एक चांदणी दिसावी, तसा. एवढा बारीक, आणि तरी सगळ्या वखारीला पुरून उरलेला. आढ्यातली वटवाघळं सुटली आणि कुठं जावं ते न कळून हवेतच थरथरत राहिली. दाराशी गोटी सोड्यावाला उभा होता, त्याच्या बाटल्यांतल्या गोट्या किणकिणायला लागल्या. सगळ्या बाटल्या फुटल्या असं निपाणीत अजून सांगतात, ते साफ खोटं आहे. फुटली एकच. आणि हे लिहून ठेवा, तेवढा वेळ त्या वखारीत कुणीही शिंकलं नाही.

स्वर संपला. बाई उभ्या होत्या. आणि वन्स मोअर आला नाही.

एकही नाही. टाळी नाही. विंगेत तात्या खाली बसले. "गेलं," ते पुटपुटले, "पाडलं. चिडीचूप! आता कंपनीला आग लावतील." रंगरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पसरायला लागलं.

मग मलगोंडानं डोक्याचा फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि तसाच बसून राहिला. मागं एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. थोड्या वेळानं लोक उठायला लागले. हळू, खुर्चीचा आवाज न करता, मयतीतून किंवा देवळातून निघतात तसे. आपापसात कुणी बोलत नव्हतं. वखार रिकामी झाली.

"अहो, पण अजून माझी पदं व्हायची आहेत!" रंगराव विंगेतून ओरडले.

मलगोंडा तेवढा मागं राहिला होता. तो रंगमंचाजवळ आला आणि फार मायेनं म्हणाला, "रंगराव, आज नको की. कान भरलेत. उद्या येतो."

रंगराव तोंडाला रंग लावलेले तसेच बाईंपाशी गेले. मला वाटलं, आता काहीतरी खोचक बोलतील. पण एवढंच म्हणाले, "बाई, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. तुम्हाला वाटत नाही?"

"रोज," रंगराव म्हणाले. "म्हणून तर हात वर करतो. खाली असला की थरथरतो तो."

बाई हसल्या. रंगरावही हसले, आणि त्या वेळी मी पाकीट चाचपलं नाही.

---

संध्याकाळच्या बसला मी बाईंना सोडायला गेलो. स्टँडवर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बर्फाचा गोळा घेतला. लालभडक. वर लिंबू पिळायला लावलं. तो उभ्या उभ्या चोखत त्यांनी शेजारच्या बाईकडून मिठात घोळलेली चिंच घेतली.

"बाई, घसा!" मी ओरडलो.

"चौदा वर्षं घसा, घसा केलं. बर्फ नाही, आंबट नाही, तळलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी वरणभात खाऊन उठायचे." त्यांनी डोळे मिटून चिंच चोखली. "अरे देवा. काय चव असते!"

"आता तरी सांगा. आजच का?"

बाईंची जीभ लाल झाली होती. "मुंबईत एक म्हाताऱ्या मादाम होत्या. लढाईच्या दिवसांत युरोपातून पळून आलेल्या. त्यांनी शिकवलं मला. तो स्वर त्यांच्या खोलीत लागायचा, दारं-खिडक्या बंद करून, कारण खालचे भाडेकरू तक्रार करायचे. जगात तो ऐकलेलं माणूस एकच, मादाम. सात वर्षांपूर्वी त्या गेल्या. घरी सांगितलं तर भाऊ हसायचे, म्हणायचे, सेराफिना, मांजराचं शेपूट सोड. हळूहळू मलाच वाटायला लागलं, खरंच होता का तो? की आम्ही दोघींनी मिळून मानून घेतला होता? रोज वाटायचं, जाऊन बघावं. पण एकटीनं वर जाऊन काय उपयोग? लागला तरी परत एकटीनंच ऐकलेला. उद्या पुन्हा तीच शंका."

"आणि आता?"

"आता अख्ख्या निपाणीनं ऐकलाय."

बस आली. कंडक्टर गोळ्याकडं बघून म्हणाला, "बाई, सीटवर सांडू नका." बाई खिडकीशी बसल्या. मी खिडकीची दांडी धरली.

"परत कधी गाल तो?"

"कशाला? लोकांनी एकदा ऐकला, पुरे." त्यांनी गोळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि त्यांच्या गालात तो कडकड वाजला. "शाळेतल्या पोरी आहेत. एकीचा गळा बरा आहे. तिला चढवीन. आपण खाली उभं राहून बघायचं, त्यातही मजा असते म्हणतात."

बस सुटली. चार पावलं गेली आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मास्तर! कुणी विचारलं तर सांगाल ना?"

"काय?"

"की होता म्हणून!"

"लोकांना थाप वाटेल, बाई!"

"वाटू द्या! तुम्ही सांगा!"

सांगेन म्हणालो. कुणी विचारलं नाही, तरी सांगत आलोय.